नाताळपटांची वही, वर्ष तिसरं: आल्डोव्हियाचं दत्तक प्रकरण

मंडळी, १२ डिसेंबर. ओटावात बाहेर उणे १४, घरात शेगडीवर दुसरा चहा, आणि वहीत आज अकरावी नोंद पडली. ठरवलं होतं १ तारखेपासून रोज एक नाताळपट, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्री बरोबर २४. एकानं मागे आहे. त्याचं कारण सांगायला लाज वाटते: परवा एक सिनेमा पाऊण तास पाहून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, ही बेकरी गेल्या वर्षीपण बंद पडत होती." जुनी वही काढली, तर खरंच. नायक, बेकरी, कुत्र्याचं नाव, सगळं माझ्याच अक्षरात. तो धरला नाही.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात. एका सिनेमाला एक पान. डावीकडे ठरलेल्या गोष्टींवर खुणा: शहरातली मोठी नोकरी, गावात अडचणीत आलेला धंदा, चौकातल्या झाडाचे दिवे लावणं, बिस्किटांवर साखरेची नक्षी, ओठ जवळ येताच कुणीतरी दार उघडणं, आणि रिकामा कॉफीचा कप. हा कप माझा लाडका. नायिका वाफाळती कॉफी घेऊन चालते आणि हात असा झोकात हलवते की आत थेंबही नाही हे सातव्या मजल्यावरून कळावं. उजवीकडे सोबत पाहणाऱ्यांची मतं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत.

हा उजवा रकाना पहिल्या वर्षी नव्हता. तेव्हा मी नुसत्या खुणा करत होते आणि नवव्या पानापर्यंत सगळी पानं एकसारखी दिसायला लागली. साहजिक आहे. हॉलमार्कसारख्या, नाताळपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकी वाहिनीवर दोन तासांची जागा असते, तीत जाहिराती, त्यामुळे गोष्टीचे आधीच तुकडे पाडलेले असतात. शेवटून दुसऱ्या तुकड्यात गैरसमज होणार, शेवटच्या पाच मिनिटांत चुंबन. माझा नवरा घड्याळ लावून बसतो आणि बहुतेक वेळा जिंकतो. २००९पासून त्यांची ही 'नाताळची उलटगणती' चालू आहे, आता तर ती दिवाळीच्या आसपासच सुरू होते, आणि काही हंगामांत नवेकोरे सिनेमे तिसाच्या वर गेलेत. एवढा माल काढायचा तर साचा लागणारच. गुळाची ढेप साच्यातच पडते. पण ढेपेचा आकार लिहून ठेवण्यात काय मजा? चव लिहायची, आणि ती खाणाऱ्याच्या तोंडून.

आमच्यापासून तासाभरावर आल्माँट नावाचं गाव आहे. जुन्या लोकर गिरण्यांच्या दगडी इमारती, मधून मिसिसिपी नदी (ती अमेरिकेतली नव्हे, आमची ओंटारिओतली धाकटी), आणि अशी मुख्य पेठ की कॅमेरेवाले तिथे पुन्हा पुन्हा येतात. बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ याच भागातले, पण आता लोक विचारतात ते 'नाताळवाल्या सिनेमांचं गाव हेच ना?' असं. दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही तिथे आइस्क्रीम खायला गेलो, तर एका दुकानाच्या पायऱ्यांवर बर्फ! पांढरा फेस आणि कापसाच्या पट्ट्या. घामानं निथळलेली एक बाई लोकरी कोटात उभी आणि दुसरी तिच्या कपाळावर पंखा धरून. उणे तापमानात या लोकांच्या कोटाची बटणं कायम उघडी का, हा वहीतला जुना प्रश्न त्या दिवशी सुटला. सुटला आणि थोडं वाईटही वाटलं. एक तक्रार कमी झाली.

आता अकरावी नोंद. 'अ ख्रिसमस प्रिन्स', २०१७, नेटफ्लिक्स. कट्टर मंडळी म्हणतील की हा टीव्हीचा सिनेमाच नाही. मान्य. जाहिराती नाहीत. पण पाहताना लक्ष द्या, जिथे जाहिरात यायची तिथे तो बरोबर श्वास घ्यायला थांबतो. साचा तोच, फक्त बेकरीऐवजी राजवाडा. म्हणून वहीत घेतला. माझी ही चौथी खेप, लेकीची तिसरी, आणि आईची पहिली.

आई ऑक्टोबरात साताऱ्याहून आली. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय. पहिले पाच सिनेमे तिनं विणकाम करत, मान वर न करता पाहिले. प्रत्येकाला तिचं मत एकच: "मुलगी चांगली आहे, पण तिला घरचं कुणी काही विचारत कसं नाही?" मी ते पाच वेळा इमानदारीनं लिहिलं.

गोष्ट माहीत नसलेला इथे कुणी नसेल, तरी एक उजळणी. न्यूयॉर्कच्या मासिकातली धाकटी संपादक, अँबर, आल्डोव्हिया नावाच्या काल्पनिक देशात जाते. राजा वारून वर्ष होत आलंय, राजपुत्र रिचर्ड बेफिकीर म्हणून बदनाम, नाताळला राज्याभिषेक व्हायचाय. विमानतळावर एक दाढीवाला तिची टॅक्सी पळवतो. तो कोण, हे आईनं सुईवरची नजर न काढता सांगितलं. मग अँबर राजवाड्यात शिरते आणि सगळे तिला धाकट्या राजकन्येची नवी शिक्षिका समजतात.

इथे आईची पहिली नोंद: "ओळखपत्र कुणी बघितलं नाही. आमच्या शाळेत शिपाईसुद्धा बघायचा." दुसरी, दहा मिनिटांनी: "शिकवायला आली ना? एक धडा तरी दाखवा." मी हा सिनेमा चौथ्यांदा पाहतेय, माझ्या हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आम्ही बाकीचे सगळे अँबरच्या पत्रकारितेवर हसतो. ती लॅपटॉपवर जी टिपणं काढते ती वाचून लेक दरवर्षी उशीत तोंड खुपसते, इतकी ती बाळबोध आहेत. पण ती वाईट शिक्षिका आहे, ही तक्रार करायला निवृत्त शिक्षिकाच हवी.

राजकन्या एमिलीबद्दल मात्र घरात एकमत. मणक्याच्या जन्मजात आजारामुळे तिला कुबड्या लागतात, आणि अँबरचं बिंग सगळ्यांत आधी तीच फोडते. लेकीचं मत शब्दशः: "पूर्ण राजवाड्यात डोकं एकीलाच दिलंय." तिला दया नको, घसरगाडी हवी असते, हे मला या साच्यातल्या सिनेमांत क्वचित दिसलेलं शहाणपण वाटतं. जंगलातला लांडगा मात्र दरवर्षी वाईट वाटत चाललाय. घोड्यावरून पडलेल्या नायिकेवर तो येतो, रिचर्ड वाचवतो, नवरा म्हणतो, "लांडग्यालाही दोनच दिवसांचं काम दिलं असणार."

मग येतो तो कागद. जुन्या राजाच्या जंगलातल्या घरात, टेबलाच्या चोरकप्प्यात अँबरला सापडतं की रिचर्ड दत्तक आहे. हा कागद पुढे चुलतभाऊ सायमन आणि एका सरदारकन्येच्या हाती लागतो, भर समारंभात वाचला जातो, आणि गादीवर हक्क सांगायला सायमन उभा राहतो.

आईची सुई थांबली. "थांबव जरा."

थांबवला.

"दत्तक आहे म्हणून गादी नाही? हे तर साताऱ्याचं झालं."

पुढची वीस मिनिटं पडद्यावर सायमन तोंड उघडं ठेवून गोठलेला होता आणि आमच्या दिवाणखान्यात १८४८ चालू होतं. एप्रिलात साताऱ्याचे शहाजी महाराज, म्हणजे अप्पासाहेब, वारले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतलेला. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क दत्तक मान्य करावं म्हणत होते, पण कलकत्त्यात डलहौसी बसलेला. राज्य खालसा. पुढे झाशीला तेच. लेक इथेच वाढलेली, तिनं डलहौसीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. तिनं विचारलं, "म्हणजे सायमन डलहौसी?"

"छे," आई म्हणाली, "सायमन साधा भाऊबंद. भाऊबंद सगळीकडे असतात. डलहौसी म्हणजे तो कायदा, जो रक्ताशिवाय वारस मानत नाही. सिनेमात तो दिसत नाही म्हणून तुम्ही त्या पोराला शिव्या घालताय."

मी लिहून घेत होते, हात दुखला. पुढे ती म्हणाली की बडोद्याचे सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले, कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली कागलच्या घाटग्यांकडून. "दत्तक आलेला जीव ओतून काम करतो, कारण त्याला रोज सिद्ध करावं लागतं. तुमच्या या रिचर्डला कुणी एक शाळा काढायला सांगा."

तीन वर्षांत वहीत इतकं लांब मत आलेलं नाही. पान संपलं, दुसरं जोडलं.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. वारलेल्या राजानं स्वतः बनवलेल्या ओकफळाच्या आकाराच्या, नाताळच्या झाडाला टांगायच्या शोभेच्या वस्तूत राजाज्ञा लपवलेली असते, रिचर्डच वारस असं लिहिलेली. पाहणाऱ्यांत सगळ्यांत जास्त टिंगल होते ती याची. देशाचा सर्वांत महत्त्वाचा कागद झाडाला टांगायच्या खेळण्यात? मीही आजवर टिंगलच केली. आईला मात्र यात काही गैर वाटलं नाही. तिची हरकत वेगळीच. राजानं ती सनद हयातीत दरबारात वाचून दाखवायला हवी होती. "लपवलेली सनद आणि न काढलेली सनद, सारखीच." राणीला सत्य पहिल्यापासून ठाऊक होतं, यावरून तिनं राणीलाही दोन गुण कमी केले.

माझं मत? गुण १० पैकी ६, गेल्या वर्षी ७ होते. अँबर दुसऱ्याच्या घरात खोटं सांगून शिरते, कुणाचे खासगी कागद उचलून आणते, आणि शेवटी नववर्षाच्या रात्री वडिलांच्या खानावळीत तिला थेट राजाचं मागणं येतं. दत्तकाची गोष्ट उघड व्हायला तीच कारण, आणि त्याबद्दल तिला मोजावी लागणारी किंमत म्हणजे एक नोकरी, जी तिला नकोशीच होती. या सिनेमांत नायिकेचा गुन्हा कधी हिशेबात धरत नाहीत. ती कुणाची बेकरी विकायला आलेली असते तेव्हाही नाही.

एक जुना विषय पुण्याच्या मैत्रिणीनं फोनवर पुन्हा काढला. डिसेंबर २०१७मध्ये नेटफ्लिक्सनं ट्विटरवर जाहीर विचारलं होतं की गेले १८ दिवस रोज हा सिनेमा पाहणाऱ्या ५३ जणांनो, तुम्हाला कुणी दुखावलंय? तेव्हा निम्मे लोक हसले, निम्मे भडकले की कंपनी आपल्या खोलीत डोकावते. मैत्रिणीचं म्हणणं, त्या ५३मध्ये काहींच्या घरी तीन वर्षांचं पोर असणार, काही जण अंथरुणाला खिळलेले. ज्याला रोज तेच लागतं त्याला दुखावलेलंच म्हणायचं का? तिची आई रोज रात्री एकच हरिपाठ म्हणते. हे मी सिनेमाच्या पानावर नाही, मलपृष्ठावर लिहिलंय. वही ठेवणाऱ्यानं त्या ५३ जणांना हसू नये, एवढं मला पटलं.

नकाशावाल्यांसाठी भर: आल्डोव्हियाच्या राजवाड्याचा बाहेरचा भाग म्हणजे रोमानियातल्या सिनाया गावचा पेलेश किल्ला. राजा पहिला कारोल यानं १८७३ साली काम सुरू केलं. तिथली राजेशाही १९४७च्या डिसेंबरात गेली. आई म्हणाली, "आपली दक्षिणेतली संस्थानं दुसऱ्या वर्षी." आणि तो जुना गुंता अजून सुटलेला नाही: २०१८च्या 'द प्रिन्सेस स्विच'मध्ये पात्रं टीव्हीवर 'अ ख्रिसमस प्रिन्स' बघतात, पण २०२०च्या दुसऱ्या भागात अँबर आणि रिचर्ड पाहुणे म्हणून हजर. मग त्यांनी आपलाच सिनेमा पाहिलाय की नाही? कुणाकडे नीट उत्तर असेल तर कळवा, एक पान राखून ठेवलंय.

बारावा सिनेमा मी वेगळा ठरवला होता, आल्माँटचाच. पण झोपायला जाताना आईनं दारातून विचारलं, "त्या भाऊबंदाचं पुढं काय झालं? पोट कसं भरतो?" २०१८च्या दुसऱ्या भागात सायमन परत येतो हे मी तिला सांगितलं नाही. उद्या तोच लावायचा. सिनेमे उरले १३, दिवस १२. एक दुपारचा घ्यावा लागेल.

आणि सकाळी वही उघडली तर मतांच्या रकान्यात, माझ्या लिखाणाखाली, आईनं स्वतः दोन ओळी लिहिलेल्या. मोडीत. लेक भिंग घेऊन बसली आहे. विचारलं तर आई म्हणते, "शीक आणि वाच."