एकोणीस हजार टनांचा हिशेब

रात्री जेवणे आटोपून घर शांत झाले की मी लॅपटॉप उघडतो आणि जपानी आरमाराचा कारभार हाती घेतो. ‘रूल द वेव्ह्ज ३’ हा खेळ २०२३ साली आला, पण दिसायला तो एखाद्या सरकारी खात्यातल्या जुन्या संगणकासारखा आहे. त्यात राखाडी चौकटी आहेत, तक्ते आहेत आणि आकड्यांच्या रांगा आहेत. १८९० पासून १९७० पर्यंत एका देशाचे आरमार सांभाळायचे, मिळालेल्या अंदाजपत्रकात ते वाढवायचे आणि युद्ध पेटलेच तर लढायचे, असा एकूण मामला आहे. माझा अर्धाअधिक वेळ मात्र लढाईत जात नाही, तो जहाजांच्या आराखड्यांवर जातो.

आराखडा करताना प्रथम जहाजाचे एकूण वजन ठरवायचे, आणि त्याला आपल्या गोदीच्या आकाराची मर्यादा असते. मग वेग, पल्ला, तोफांचा व्यास, टरेटची (तोफा बसवलेल्या फिरत्या बुरुजांची) संख्या, कमरपट्ट्याचे म्हणजे दोन्ही बाजूंना पाण्याच्या पातळीलगतचे चिलखत, डेकचे चिलखत, असे एकेक भरत जायचे. प्रत्येक निवडीनंतर शिल्लक वजनाचा आकडा बदलतो, आणि तो उणे झाला की आराखडा मंजूर होत नाही. पहिल्या आठवड्यात मी हा खेळ चढाओढीचा समजत होतो, म्हणजे सर्वांत मोठ्या तोफा, सर्वांत जाड पोलाद आणि सर्वांत जास्त वेग. असे जहाज होतच नाही, हे कळायला मला चार-पाच रात्री लागल्या.

सर्वांत महाग पडतो तो वेग. त्याचा खरा हिशेब इतिहासातल्या दोन जहाजांत स्पष्ट दिसतो. १९०६ साली ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांची आणि जाड चिलखताची युद्धनौका, पाण्यात सोडली, तेव्हा तिच्यावर १२ इंची १० तोफा होत्या, कमरपट्टा ११ इंचांचा होता आणि २१ नॉट (ताशी सागरी मैल) वेगासाठी २३,००० अश्वशक्तीची टर्बाइने होती. त्याच सुमारास बांधलेल्या ‘इन्व्हिन्सिबल’ या बॅटलक्रूझरला, म्हणजे तशाच मोठ्या तोफांच्या पण जास्त वेगवान नौकेला, साधारण तेवढ्याच वजनात २५ नॉट हवे होते. ते चार नॉट मिळवण्यासाठी ४१,००० अश्वशक्ती लागली. एवढ्या बॉयलरांचे वजन कुठून तरी काढायलाच हवे होते, म्हणून तोफा ८ वर आल्या आणि कमरपट्टा ६ इंचांवर आला.

हे जहाज वाईट होते का, याचे उत्तर ते कोणासमोर उभे केले यावर अवलंबून आहे. डिसेंबर १९१४ मध्ये फॉकलंड बेटांपाशी ‘इन्व्हिन्सिबल’ने आपल्या जोडीदार जहाजासह ‘शार्नहोर्स्ट’ आणि ‘ग्नायझनाऊ’ या जर्मन क्रूझर (बॅटलशिपहून हलक्या युद्धनौका) बुडवल्या. त्यांच्याहून वेगवान असायचे आणि त्यांच्या तोफा फारशा परिणामकारक ठरणार नाहीत इतक्या अंतरावरून मारा करायचा, याच कामासाठी ती बांधलेली होती. मे १९१६ मध्ये जटलंडला तीच नौका स्वतःएवढ्याच मोठ्या तोफांसमोर गेली, टरेटवर गोळा बसला, आग दारूकोठारापर्यंत पोहोचली आणि हजाराहून अधिक माणसांतून फक्त सहा वाचली.

हे सगळे वाचलेले असूनही मी तीच चूक केली. खेळात जहाजांना हवी ती नावे देता येतात, त्यामुळे माझ्या जपानी आरमारात विजयदुर्ग, कुलाबा आणि खांदेरी आहेत. (तोक्योतल्या त्या काल्पनिक नौदल मुख्यालयात ही नावे कशी उच्चारत असतील, हा विचार मी टाळतो.) त्यांतली बॅटलक्रूझर खांदेरी माझी लाडकी होती. तिचे वजन १९,००० टन, १२ इंची ८ तोफा, ७ इंचांचा कमरपट्टा आणि वेग २६ नॉट. तरीही दोनशे-अडीचशे टन कमी पडत होते. आराखड्यात इंजिनासाठी एक पर्याय असतो. भरवशाचे, मध्यम किंवा वेगाला झुकते माप देणारे, यांपैकी एक निवडायचे. तिसऱ्या प्रकाराने वजन वाचते, पण बिघाडाची शक्यता वाढते. मी तिसरा निवडला.

बाबा त्या वेळी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभे होते. त्यांची उभी हयात गोदीत फिटर म्हणून गेली, आणि तोफांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. मी इंजिनाचा भाग समजावून सांगितला तेव्हा ते एवढेच म्हणाले, “अरे, मशीन एवढी दाबून बसवलीस, तर उद्या पाना फिरवायला हात कुठून घालणार?” मी हसून म्हटले, “बाबा, इथे हात घालावा लागत नाही.”

रशियाशी युद्ध झाले, तेव्हा पहिले सात-आठ महिने खांदेरीने त्यांच्या क्रूझर अक्षरशः उभ्या-आडव्या झोडल्या. पण या खेळात कोणती लढाई लढायची हे बहुतांशी खेळच ठरवतो, आणि एका संध्याकाळी धुके विरळ होताच समोर रशियन बॅटलशिपांची रांग उभी राहिली. मी लगेच जहाज वळवले. २६ नॉटांनी पळालो असतो तर अर्ध्या तासात त्यांच्या माऱ्याबाहेर गेलो असतो. तेवढ्यात इंजिनात बिघाड झाल्याचा एक ओळीचा निरोप आला आणि वेग २० वर उतरला. पुढची वीस मिनिटे मी नुसता बघत बसलो. बॅटलक्रूझरचे खरे चिलखत तिचा वेग असतो, आणि मी नेमके तेच स्वस्तातले घेतले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझगावच्या भंडारवाड्याच्या टेकडीवर गेलो होतो. तिथून खाली गोदीच्या क्रेन आणि पलीकडे बंदर दिसते. उभ्या उभ्या मला आंग्र्यांच्या गुराबा आठवल्या. दीडशे ते तीनशे टनांची, रुंद, उथळ पाण्यात चालणारी ती जहाजे होती आणि नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, समोर रोखलेल्या दोन तोफा हे त्यांचे वैशिष्ट्य होते. वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत आणि शत्रूच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा कमी असत, तिथे नेऊन सोडत. बड्या इंग्रजी जहाजांशी कुशीला कूस लावून लढायला ती बांधलेलीच नव्हती, आणि ज्यांनी बांधली त्यांना हे पक्के ठाऊक होते. माझ्या आराखड्याच्या पडद्यावर गुराब भरली तर बहुतेक आकडे हास्यास्पद दिसतील.

सध्या दुसऱ्या खांदेरीचा आराखडा चालू आहे. इंजिन भरवशाचे घेतले आहे आणि त्यामुळे शिल्लक वजन उणे ४१० टन दाखवते आहे. मागचा टरेट काढावा की दीड नॉट सोडावा, हे दोन रात्रींत ठरलेले नाही. बाबांना विचारले, तर ते म्हणाले, “आधी गोदी मोठी कर.” तेवढे पैसे १९१२ पर्यंत तरी मिळतील असे दिसत नाही.