गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गेल्या ऑक्टोबरात माझ्या गाडीखाली, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना जोडलेले असतात नेमक्या त्या जागेच्या खाली, घरासमोरच्या फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग पडू लागला. गाडी 1992 सालची माझदा एमएक्स-5 आहे: दोनच आसने, वर कापडी टप, डोळे मिटल्यासारखे आत जाणारे दिवे आणि 1.6 लिटरचे इंजिन. इंग्लंडला येऊन नोकरीत जरा स्थिरावल्यावर मी ती जुनीच विकत घेतली होती आणि आता तिच्या मीटरवर 98 हजार मैल दिसतात. जवळच्या एका गॅरेजमध्ये नेली, तेव्हा तिथल्या मेकॅनिकने खालून बॅटरीचा उजेड टाकून दोन मिनिटांत निदान केले, की क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेले आहे. त्यासाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, आणि तो उतरतोच आहे तर क्लचही बदलून घ्यावा, असा त्याचा सल्ला होता. एस्टिमेट 900 पौंडांच्या वर गेले. गाडी विकायला काढली असती तर तिचे जेमतेम तीन हजार आले असते.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी दोन रकाने आखून हिशेब मांडायला बसलो. पत्नीने वाचले आणि विचारले, "तू गाडी दुरुस्त करायला शिकणार आहेस, की गाडी ठेवायची की नाही ते ठरवतो आहेस?" प्रश्न रास्त होता, कारण मी दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहिल्या होत्या. गाडी ठेवायचीच होती. राहिला प्रश्न हाताने काम करण्याचा, आणि तो 'जमेल का' अशा एका शब्दात सुटत नाही, हे मला लहानपणापासून माहीत असायला हवे होते. साताऱ्याला आमचे बाबा दर रविवारी बजाज स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरने घासत, कार्ब्युरेटरमधला कचरा फुंकून काढत, प्रसंगी क्लचची केबलही बदलत. पण क्लचप्लेटचे काम निघाले की मुकाट्याने मिस्त्रीकडे जात. मी एकदा कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, केबल चुकली तर मी स्कूटर ढकलत घरी येईन. प्लेट चुकली तर मिस्त्रीलाही आधी माझी चूक निस्तरावी लागेल."

हीच कसोटी मी लावू लागलो. काम चुकले तर काय होईल, आणि चूक मला कुठे कळेल: घरासमोर, की मोटरवेवर ताशी 70 मैलांच्या वेगात?

तेलापासून सुरुवात केली. एमएक्स-5 च्या त्या पिढीत इंजिनाच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) अगदी मागच्या टोकाला, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटून, कॅमचा (झडपा उघडणाऱ्या दांड्याचा) कोन मोजणारा एक सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या गळ्याभोवती एकच रबरी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षे उष्णता सोसून ती कडक होते आणि तिच्या कडेने तेल झिरपू लागते. ते तेल इंजिनाच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचावर येते आणि तिथून खाली टपकते. खालून पाहणाऱ्याला ते मागच्या सीलमधूनच आल्यासारखे वाटते, त्यामुळे मेकॅनिक खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. त्याने खालून पाहिले, एवढेच. मी बॉनेट उघडून हात मागे घातला आणि सेन्सरच्या बुडाशी बोट फिरवले, तर ते काळेभोर होऊन बाहेर आले.

ओ-रिंग दोन-चार पौंडांची. काम मात्र बोटांची परीक्षा घेणारे, कारण सेन्सर एकाच बोल्टवर असला तरी तो बोल्ट दिसत नाही. आरसा धरून, मनगट वाकवून, चाचपडतच पाना लावावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सेन्सर जरा जरी फिरला तरी ठिणगीची वेळ बदलते. म्हणून तो सैल करण्यापूर्वी मी सेन्सर आणि हेड या दोहोंवर मिळून अणकुचीदार सळईने एक रेघ ओढून ठेवली, आणि परत बसवताना ती तंतोतंत जुळवली. तरी समाधान होईना, म्हणून टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) उसना आणला, बॉनेटखालच्या डायग्नोसिस डबीतले 'टेन' आणि 'जीएनडी' या दोन खाचा तारेने जोडले आणि पुलीवरची खूण 10 अंशांवर येते हे पाहून घेतले. दुपार गेली. डाग पुन्हा पडला नाही.

या यशाने डोके थोडे फिरले, हे कबूल केले पाहिजे. पुढच्याच महिन्यात क्लचचे पेडल जमिनीला टेकू लागले, तर स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा भाग) मी गॅरेजला न विचारताच मागवला. तो गिअरबॉक्सच्या बाहेरच्या अंगाला दोन बोल्टांवर असतो, त्यामुळे बदलायला सोपा. त्यातली हवा काढायला मात्र दुसरे माणूस लागते. अर्धा तास मी गाडीखालून "दाब... धरून ठेव... सोड" म्हणत होतो आणि पत्नी ऑफिसच्या मीटिंगसाठी कानात लावलेल्या इअरफोनसह पेडल दाबत होती. मीटिंगमधल्या लोकांनाही ते ऐकू गेले असावे.

टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि कॅम यांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा, 60 हजार मैलांना बदलायचा असतो, आणि आधीच्या मालकाने तो कधी बदलला याचा कागद नव्हता. इथे मी बराच काळ अडखळलो. ज्या इंजिनांत पट्टा तुटला किंवा दाता चुकला की झडपा पिस्टनवर आपटतात, तसे हे इंजिन असते तर मी हात लावला नसता. पण हे 1.6 तसे नाही. पट्टा चुकला तर इंजिन बंद पडेल किंवा रडतखडत चालेल, झडपा वाकणार नाहीत. दुसरी भीती क्रँकशाफ्टच्या नाकाची, म्हणजे पुढच्या टोकाची, होती. सुरुवातीच्या, साधारण 1991 च्या मध्यापर्यंतच्या गाड्यांत ते आखूड होते आणि पुढची पुली जागेवर अडकवून ठेवणारी धातूची छोटी पट्टी ('की') झिजल्याने इंजिने निकामी झाली. पुढच्या पुलीवरच्या खाचांवरून ते ओळखता येते: चार असल्या तर आखूड, आठ असल्या तर लांब. मी वाकून दोनदा मोजल्या, आठ होत्या, आणि मगच पान्यांचा डबा उघडला.

दोन्ही कॅमच्या चाकांवर खुणा असतात, एकावर 'आय', दुसऱ्यावर 'ई', आणि नवा पट्टा चढवल्यावर त्या दोन खुणांमध्ये पट्ट्याचे 19 दाते यावे लागतात. माझे 20 आले. नीट ओढून बसवला आहे अशी खात्री होती, म्हणून पुन्हा मोजले, तरी 20. पट्टा उतरवून परत चढवला, 19 मोजले, टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी चाकी) आवळला, क्रँक पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवला आणि पुन्हा 19 मोजले. एका दात्याच्या चुकीची किंमत तिथे वीस मिनिटे होती. पाण्याचा पंप पट्ट्यामागेच असल्यामुळे तोही त्याच वेळी बदलला.

सिलच्या कामाला मात्र मी हात लावला नाही. सिल म्हणजे दाराखालून जाणारी पत्र्याची पोकळ तुळई. टपावरचे पावसाचे पाणी आसनांमागच्या दोन नळ्यांतून खाली जाते, पण त्या नळ्या पानांच्या चिखलाने तुंबल्या की ते सिलमध्ये उतरते, आणि मागच्या चाकाच्या पुढ्यात पत्रा आतून कुजतो. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ बाहेरून मदत करतेच. माझ्या डाव्या सिलवर स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो बोटभर आत गेला. वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडणीपासून 30 सेंटिमीटरच्या आत असा गंज सापडला तर गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे, कारण या गाडीला वेगळी चौकट नाही आणि छप्परही कापडी असल्यामुळे बराचसा भार या दोन सिलांवर असतो. वेल्डिंग शिकायला आवडले असते, परंतु माझ्या पहिल्यावहिल्या वेल्डवर अपघाताच्या क्षणी पत्नी बसलेली असावी, हे मला पटेना. ते काम एका कसबी वेल्डरने दोन दिवसांत केले आणि मी पूर्ण पैसे घासाघीस न करता दिले. नळ्या मात्र आता दर महिन्याला मी स्वतः पडद्याच्या लवचिक तारेने साफ करतो. वेल्डरने सगळ्यात आधी तेच बजावले होते.

बचतीचा हिशेबही सांगतो, कारण विचारले जाते. जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच आणि बाकीची हत्यारे धरली तर पहिल्या वर्षी मी जवळजवळ काहीच वाचवले नाही. भागांची मात्र चिंता नाही. या मॉडेलच्या 2016 पर्यंत दहा लाखांहून अधिक गाड्या बनल्या, आणि पहिल्या पिढीसाठी माझदाने जपानमध्ये काही भाग नव्याने बनवायलाही घेतले आहेत. कमी पडतो तो शनिवार.

गेल्या आठवड्यात चढावर, चौथ्या गिअरमध्ये, इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीचा वेग वाढला नाही. या वेळी क्लच खरोखरच सरकू लागला आहे. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरांच्या डब्यापर्यंत) ॲल्युमिनियमची एक लांब तुळई असते. ती सोडवायची, गिअरबॉक्स उतरवायचा, आणि परत चढवताना ती तुळई सरळ रेषेत आणायची, हे सारे स्टँडवर ठेवलेल्या गाडीखाली, पाठीवर पडून, छातीवर ते वजन पेलत करायचे. मी त्याच गॅरेजला फोन केला. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर मागचे सीलही बदलून टाका, असे मीच सांगितले. मेकॅनिक म्हणाला, "मी तेव्हाच सांगितले होते." मी काही बोललो नाही. तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे. तोवर चढावर तिसऱ्या गिअरमध्येच जायचे.