मनी कुणाची?

15 जानेवारी, वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांच्या सणाचा दुसरा दिवस. दुपारचे साडेतीन.

सगळी पोळ, म्हणजे आमची अख्खी गल्ली, गच्चीवर आहे. मी खाली आले ती गुळपोळ्यांचा डबा न्यायला. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं म्हणून सहज डोकावले, तर आई आरामखुर्चीत, हातात जपमाळ, आणि मांडीवर आमची मांजर, मनी.

काल सकाळपासून ही बया पलंगाखाली होती. बडोद्याच्या दांडिया बाजारात उत्तरायणाला काय गोंगाट असतो ते इथं राहणाऱ्यालाच ठाऊक. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, पिपाण्या (इथल्या पिपूड्या), पतंग कापला की दर मिनिटाला ‘काप्यो छे!’ कालपासून मी पाच-सहा वेळा जमिनीवर पालथी पडून तिला हाका मारल्या, तिचा आवडता खाऊ नाकाशी धरला. ढिम्म हलली नाही. आणि आता माझी पाठ वळताच आईंच्या मांडीवर!

खरं सांगायचं तर मला राग आला. चार वर्षांपूर्वी लेकीनं हिला भर पावसात खंडेराव मार्केटच्या मागून उचलून आणली. तेव्हापासून हिची वाळू मी बदलते, खाणं मी घालते, डॉक्टरकडे मी नेते. आईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “कुत्रं माणसाचं, मांजर घराचं. जीव लावू नकोस.” आणि वर दुधाची बशीही त्यांनीच ठेवली. मोठ्या मांजरांना बऱ्याचदा दूध पचत नाही, पोट बिघडतं, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, “मग काय चहा देऊ?”

मांजराला माया नसते, हे त्यांचं ठाम मत. पुरावा विचारला की म्हणतात, “सारखी पाठ करून बसते, बघ ना.” आता ज्याची भीती वाटते त्याच्याकडे पाठ करून कोणी बसेल का? मांजर तर नाहीच नाही. पण ब्याऐंशी वर्षांच्या सासूला कोण समजावणार.

मांजरांबद्दल मी बरंच वाचलंय. वाचूनही चुकायची ती चुकलेच. मनी उताणी पडून पोट दाखवायची, मी लगेच कुरवाळायला जायची आणि मनगटावर चार ओरखडे घेऊन परत यायची. पोट दाखवणं म्हणजे ‘तुझी भीती वाटत नाही’ एवढंच, ‘हात लाव’ असं नव्हे. घुरघुरण्याचंही तेच. मागच्या पावसाळ्यात ती दोन दिवस कपाटाखाली बसून घुरघुरत होती. मी समजले खुशीत आहे. पंजात काचेचा तुकडा रुतला होता! दुखत-खुपत असतानाही मांजरं घुरघुरतात, हे मला त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं. आईंनी मात्र आदल्या दिवशीच म्हटलं होतं, “हिचा जप आज वेगळा येतोय.” मी लक्ष दिलं नव्हतं.

पोळीचा डबा हातात घेऊन मी तशीच दारात उभी राहिले. मनी पुढच्या दोन्ही पंजांनी आईंची शाल दाबत होती, एकदा डावा, एकदा उजवा, जशी गुळपोळीची घट्ट कणीक तिंबतेय. पिल्लं दूध उतरावं म्हणून आईच्या पोटाशी असंच करतात आणि ती सवय काही मांजरांना जन्मभर राहते. शालीचे धागे निघाले आहेत. मी शाल बदलून देते म्हटलं तर आई नाही म्हणतात. ‘जीव लावू नकोस’ म्हणणाऱ्या ह्याच!

मग माझं लक्ष आईंच्या डोळ्यांकडे गेलं. दुपारच्या जपात त्यांना डुलकी लागते. पापण्या हळूहळू मिटतात, अर्ध्यावर थांबतात, पुन्हा हळूच उघडतात. मनी वर त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्याही पापण्या तशाच, अगदी सावकाश, मिटत होत्या.

मला हसू फुटलं. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी नेमका हाच प्रयोग केला होता. मालकानं मांजराकडे बघत हळूहळू डोळे मिटले-उघडले, तर मांजरंही डोळे बारीक करून तशीच उत्तरं देत. अनोळखी माणसानं असं करून हात पुढे केला तरी ती त्याच्याजवळ जास्त येत. ते वाचल्यापासून मी महिनाभर मनीसमोर बसून मुद्दाम डोळे मिचकावतेय. ह्यांनी एकदा विचारलं, “डोळ्यात काही गेलंय का?” आणि इथे आईंनी काहीही न वाचता, चार वर्षं, रोज दुपारी एक ते चार...

आपल्याकडे मांजराच्या मिटल्या डोळ्यांवर म्हण आहे ती दूध चोरून पिण्याची. मिटलेले डोळे म्हणजे लबाडी, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं.

आणि आईंचं बाकीचं वागणंही बघा. त्या तिच्याकडे रोखून बघत नाहीत, अंगावर वाकत नाहीत, उचलत नाहीत, तासन्‌तास एका जागी बसतात, अंगावर उबदार शाल असते. मांजराला आणखी काय हवं? मी मात्र दिसली की उचल, मुका घे, फोटो काढ. मांजर झाले असते तर मीही माझ्यापासून पळाले असते.

हाकेचं म्हणाल तर तिला दोन नावं आहेत. आमची मनी, आणि समोरच्या गुजराती आजींची, बांची, ‘मीनी’. दोन्हींना कान वळवते, येणं-न येणं तिच्या मर्जीवर. मांजरांना स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखता येतं, हे टोकियोच्या सोफिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं. बांना सांगितलं तर म्हणाल्या, “ए तो मने खबर ज छे.” ते तर मला माहीतच आहे!

काल आईंनी संक्रांतीची काळी साडी नेसली होती. गोंगाट सुरू व्हायच्या आधी, अगदी सकाळी, मनीनं शेपूट उभी करून त्यांच्या पायाशी येरझाऱ्या घातल्या, आधी गाल, मग कूस घासत. मांजरांच्या गालांत, हनुवटीशी, शेपटीच्या बुडाशी वासाच्या ग्रंथी असतात. घासून ती आपला वास लावतात, म्हणजे ‘ही आमच्यातली’. तो वास आपल्याला येत नाही. दिसले ते फक्त काळ्या साडीवर गुडघ्यापर्यंत पांढरे केस. हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघत होत्या, आई त्यांना तिळगूळ देत होत्या आणि केस झटकत नव्हत्या.

रात्रीचे दहा.

जेवणं झाली. उरलेला उंधियू फ्रिजमध्ये गेला. आईंच्या खोलीत गेले, खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. मनीकडे बघितलं नाही, हाक मारली नाही, खाऊही नेला नव्हता. डोळे मिचकावले नाहीत, तसेही दिवसभराच्या उन्हानं आपोआप मिटत होते.

थोड्या वेळानं धप्प आवाज झाला. मनी मांडीवरून उतरली होती. माझ्या गुडघ्याला ओझरतं कपाळ लावलं, हातभर पुढे गेली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. शेपूट पायांभोवती गुंडाळून.

“बघ,” आई वरून म्हणाल्या, “तोंड फिरवून बसली. सांगितलं होतं ना तुला?”

“हो आई,” म्हटलं.

समोरच्या गच्चीवर कुणीतरी शेवटची पिपूडी वाजवली. मनीचा एक कान मागे वळला. ती उठली नाही.