टाका मोडू नकोस, बाकी हवं ते पूस

विणकाम करणारी माणसं टाके मोजतात. फोटो समोर आला की आधी रंग, मग काठ, आणि लगेच बोटांनी चित्र मोठं करून मोजणी सुरू: शिंपल्याच्या नक्षीत खांब (उंच टाके) किती, मधे साखळ्या (साधे फास) किती. सूर्यास्ताच्या फोटोत फोनने चार ढग पदरचे घातले तर कुणाचं काही बिघडत नाही. माझ्या फोटोत त्याने एक खांब पदरचा घातला तर तो बघून विणणारीची अख्खी ओळ उसवते. फोनमधल्या एआयबद्दल माझं जे काही मत झालंय ते सगळं या एका गोष्टीवरून.

मी क्रोशाचं विणकाम करते आणि ते इन्स्टाग्रामवर टाकते. फोटो, रील, खाली कृती. सगळं एका फोनवरच. दोन्ही हात सुई-लोकरीत अडकलेले असतात, त्यामुळे फोन स्टँडवर आणि पसारा चौकटीत, हे ठरलेलंच. म्हणून पुसून टाकण्याची सोय आली तेव्हा मी खूश झाले होते. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ बरोबर मॅजिक इरेझर आणला. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ वर जनरेटिव्ह एडिट आलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलचं क्लीन अप. नावं निराळी, काम तेच. नको असलेल्या वस्तूभोवती बोट फिरवायचं, ती जाते आणि रिकाम्या जागी फोन आजूबाजूला बघून काहीबाही भरतो. त्या वस्तूखाली खरोखर काय होतं हे त्याला कळायला मार्ग नसतो. तो अंदाज रचतो, आणि नेमका कुठला भाग रचलेला आहे हे चित्रावरून कळत नाही.

टेबलावर हे झकास चालतं. कात्री, मोजपट्टीचं टोक, लोकरीचे तुकडे, भिंतीवरचं स्विचबोर्ड, सगळं जातं. पण शालीवर टाक्याची खूण म्हणून अडकवलेला मार्कर पुसून बघा. हातभर लांबून चित्र बिनचूक दिसतं. मोठं करा. मार्करच्या जागचा खांब वरच्या टोकाला दुभंगलेला, शेजारचा खांब खालच्या ओळीतल्या कुठल्याच टाक्यात न रोवता अधांतरी उभा, आणि पाच खांबांच्या शिंपल्यात आता साडेचार. लोकरीचा पीळसुद्धा तेवढ्याच जागी उलटा. फोनला 'लोकरीसारखं दिसणारं' काय ते समजतं, धागा कुठून आत जातो नि कुठून बाहेर येतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून माझा नियम: टेबल तुझं, लोकर माझी. विणलेल्या भागावर बोट फिरवायचं नाही. मार्कर हातानेच काढते आणि मगच फोटो घेते. दोन सेकंदांचं काम आहे.

तसंच पोर्ट्रेट मोडचं. पुढचं काय आणि मागचं काय हे फोन ठरवतो आणि मागचं धूसर करतो. गुळगुळीत सुती धाग्याला ते शोभतं. मोहेरसारख्या केसाळ लोकरीचे तंतू मात्र तो कडेने कापून टाकतो आणि टोपी भादरल्यासारखी दिसते. त्यापेक्षा वस्तू भिंतीपासून चार हात पुढे ओढावी आणि कॅमेरा जवळ न्यावा. मागचं आपोआप धूसर होतं.

रंगाची कटकट याहून जुनी. 'फोटो सुधारा' असं बटण दाबलं की फोन सावल्या उजळतो, रंग चढवतो आणि मरून लोकर लाल होते. बघणाऱ्याला लालच आवडते, लाइकही जास्त येतात, पण विकत घेणारीला घरी गेल्यावर मरून टोपी मिळते. लोकरीच्या पट्टीवर डाय लॉटचा नंबर छापतात तो उगाच नाही. एकाच नावाच्या रंगाचे दोन घाणे एकमेकांशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, इतका हा मामला नाजूक. त्यावर मी एक उपाय करते. खिडकीच्या उजेडात चौकटीच्या कोपऱ्यात पांढरा कागद ठेवते, तो कागद पांढरा दिसेल इतपतच व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांची झाक) हलवते आणि मग कोपरा कापून टाकते. सुधारणेचं बटण बंद.

आता जिथे एआयला मनापासून दाद द्यावी ती जागा: आवाज. २०२३ च्या पिक्सेल ८ पासून व्हिडिओतल्या आवाजाची फोड करण्याची सोय फोनमध्ये आली आणि पुढे इतरांनीही ती दिली. माणसाचं बोलणं, संगीत, वारा, गर्दी, बाकीचा गोंगाट अशा वेगवेगळ्या पट्ट्या होतात आणि प्रत्येकीचा आवाज आपण कमी-जास्त करायचा. माझ्या रीलमध्ये पंख्याची घरघर असायची. पूर्वी त्यावर गाणं चढवून ती दडपायची, आणि मग माझं बोलणंही दडपायचं. आता गोंगाटाची पट्टी खाली ओढली की पंखा गेला. मात्र ती शून्यावर नेऊ नये. पंख्याबरोबर शब्दांची शेवटची अक्षरं जातात आणि आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. थोडी घरघर राहू द्यावी, कान ती माफ करतात.

बोलण्याचे आपोआप उमटणारे शब्दही असेच कामाचे. पुष्कळ जण रील आवाज बंद ठेवून बघतात, ऐकू न येणाऱ्यांसाठी तर दुसरा मार्गच नाही. साधं मराठी बोलणं फोन बऱ्यापैकी टिपतो. विणकामाची भाषा आली की बावचळतो. 'मुका खांब', म्हणजे बुटका टाका, तर त्याला झेपतच नाही. मी सगळं टिपून घेऊ देते आणि मग ओळीनओळ वाचून दुरुस्त करते. स्वतः टाइप करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

झटपट स्लो मोशनपासून मात्र शिकवणाऱ्यांनी लांब राहावं. साध्या वेगात, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेमने घेतलेला व्हिडिओ नंतर संथ करायचा असेल तर फोन दोन खऱ्या फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतः तयार करतो. धावणारा कुत्रा, उडणारं पाणी यात ते खपून जातं. सुईवर धागा घेण्याच्या क्षणी थांबवून बघा: मधल्या फ्रेममध्ये धागा सुईच्या आरपार गेलेला असतो. जी नेमकी हालचाल दाखवायला संथ केलं तीच खोटी. मुळात १२० फ्रेमवर घ्यावा. चौपट संथ केला तरी प्रत्येक फ्रेम कॅमेऱ्याने पाहिलेलीच असते.

लिखाणाबद्दल फार बोलावंसं वाटत नाही. फोनला कॅप्शन मागितली की 'तुमच्या कल्पनेला द्या नवे पंख' छापाचं काहीतरी येतं, शेवटी तीन चमचमते तारे. टोपीला पंख कशाला? पण कृती लिहून घेण्याचा मोह अनेकींना होतो, त्याबद्दल सांगते. सपाट गोल विणायचा तर मुक्या खांबांची संख्या दर फेरीत सहाने वाढते: ६, १२, १८, २४. एआयने लिहिलेल्या एका कृतीत ६, १२, २४, ३० असं होतं. वाचायला अगदी सुबक, क्रमांक घालून, ठळक अक्षरांत. विणायला घेतलं की तिसऱ्या फेरीतच कडेला झालर येणार आणि गोल टेबलावर बसणारच नाही. माझीच कच्ची टिपणं देऊन ती नीट मांडून घेणं ठीक, तेवढं मी करते. आकडे मात्र सुईवर तपासायचे.

आणि मग पूर्णच बनावट चित्रं. क्रोशाची घुबडं, मोर, माणसाएवढी मांजरं. खाली हजारोंनी कौतुक, आणि काही ठिकाणी त्यांच्या कृती विकायलाही ठेवलेल्या. ओळखायला सोपं आहे. एक ओळ धरून डोळा फिरवा, अर्ध्यात ती दुसऱ्या ओळीत विरघळते. टाके क्रोशाचे आहेत की दोन सुयांचे, याचा पत्ता नसतो. हातात धरलेल्या सुईचं वाकडं टोकच गायब असतं. बिचाऱ्या नवशिक्या मुली महिनाभर खटपट करतात आणि 'आपल्यालाच जमत नाही' म्हणून सुई ठेवून देतात. माझा खरा राग तिथे आहे.

'हे एआयचं आहे' असं सांगणाऱ्या खुणेच्या पट्ट्यांचंही अजून जमलेलं नाही. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटाने २०२४ च्या मे महिन्यात 'मेड विथ एआय' अशी पट्टी लावायला सुरुवात केली. खऱ्या फोटोत किरकोळ दुरुस्ती केली तरी ती लागते अशी फोटोग्राफरांनी ओरड केली आणि जुलैमध्ये तिचं 'एआय इन्फो' झालं. मूळ फोटोची माहिती फाइलमध्येच नोंदवणारा सी२पीए नावाचा एक प्रयत्न आहे, आता काही फोनमध्ये तो येऊ लागलाय. पण स्क्रीनशॉट काढला की ती नोंद फाइलबरोबर राहत नाही, त्यामुळे तेवढ्यावर विसंबता येत नाही. मी स्वतः एक ओळ लिहिते: 'टेबल साफ केलंय, विणकाम जसंच्या तसं.'

त्याशिवाय प्रत्येक पोस्टमध्ये शेवटचा फोटो उलट्या बाजूचा टाकते. धाग्यांची टोकं, गाठी, रंग बदलल्याच्या खुणा, सगळं उघडं. तो सुंदर वगैरे नसतो, पण हल्ली सगळ्यात जास्त प्रश्न त्याच फोटोवर येतात. टोक आत कसं ओवलं, गाठ का मारली, रंग कुठे बदलला. एका बाईंनी तर गेल्या पोस्टवर बाण काढून दाखवलं की निळ्याचं टोक नीट ओवलेलं नाही, दोन धुण्यांत सुटेल. बरोबर होतं त्यांचं, ओवून घेतलं.