बागेतलं झाड उतरवताना

भिंतीला खेटून वाढलेलं झाड बुंध्याशी कापून आडवं पाडायला जागाच नसते. ते वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी उतरवावं लागतं. चढण्याआधी बुंध्याभोवती फिरून बघा. मुळाशी अळंबी, ढोली किंवा सुटलेली साल दिसली, ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर त्या खोडाच्या भरवशावर चढायचं नाही, क्रेन मागवा. जवळून वीजतार जात असेल तर आधी पुरवठा बंद.

जड फांदीला तीन काप लागतात. पहिला खालून, खोडापासून साधारण ३० सेंमीवर, पाव जाडीपर्यंत. दुसरा वरून, जरा बाहेरच्या बाजूला. उरलेला खुंट तिसऱ्या कापात. खालचा काप टाळला की फांदी स्वतःच्या वजनाने मोडते आणि सालीची लांब पट्टी सोलत खोडाकडे येते, म्हणजे नेमकी चढलेल्या माणसाकडे. खाली छप्पर असेल तर फांदी दोराने बांधून, दोराला खोडाभोवती वेढे देऊन सावकाश सोडायची. खालच्याने दोर हाताला गुंडाळू नये, कधीच नाही.

शेवटी उरतं बोडकं खोड. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव भागाइतकी खाच घ्यायची, मग मागून काप. दोन्हींच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या भागाएवढी पट्टी न कापता ठेवायची. ही बिजागरी खोडाला दिशा देते. घाईत ती कापली गेली की खोड कुठेही वळतं. बुंधा ओढून उपटायचा असेल तर मीटरभर उंच ठेवा, दोराला तरफ मिळते.