बरणीत ओला चमचा

इटलीत मोदेनाजवळच्या एका इस्टेटवर मी एक्सपोर्टचं काम बघतो, म्हणजे इनव्हॉइस, लेबलं आणि कस्टम्सवाल्यांशी डोकेफोड. द्राक्षाचे मळे घरचे, बाल्सामिक व्हिनेगर घरचं, तीन पिढ्या एकाच आवारात. जानेवारीत मात्र ऑफिसातल्यालाही माळ्यावर बोलावतात, पिंपं भरायची असतात आणि हात कमी पडतात.

आता बाल्सामिक म्हणजे सॅलडवर ओततात ती स्वस्तातली बाटली नव्हे हां. तिच्यात वाइनचं व्हिनेगर मिसळलेलं असतं आणि लाकडात ६० दिवस काढले तरी चालतं. आमच्या 'त्रादिझ्योनाले'त, म्हणजे पारंपरिक बाल्सामिकमध्ये, फक्त द्राक्षाचा रस, तोही उघड्या भांड्यात आटवलेला. मी कोल्हापूरकडचा, पहिल्यांदा ते उकळताना बघितलं तर गुऱ्हाळच आठवलं, फक्त काकवी व्हायच्या आधीच खाली उतरवतात. मग कमीत कमी १२ वर्षं मुरवायचं, २५च्या पुढे गेलं की ते 'एक्स्त्राव्हेक्यो', म्हणजे जास्तच जुनं. वाइनसारखं तळघर इथे चालत नाही, उन्हाळ्यात तापायला आणि थंडीत निवायला माळाच लागतो. पिंपं ओळीने लहान लहान होत जाणारी, चेस्टनट, चेरी, ओक, तुती अशा वेगवेगळ्या लाकडांची, आणि तोंडावर फडकं, आपण बरणीला दादरा बांधतो अगदी तसं!

काम ऐकायला सोपं. सगळ्यात छोट्या पिंपातून थोडंसं काढायचं, ती तूट शेजारच्या मोठ्यातून भरायची, त्याची त्याच्या शेजारच्यातून, असं करत करत नवा रस फक्त सगळ्यात मोठ्यात. त्या दिवशी मी एका हातात फोन धरून पुण्याच्या कस्टमरशी बोलत होतो, त्याला २५ वर्षांच्या सहा बाटल्या हव्या होत्या, मी हो म्हणून बसलो, आणि दुसऱ्या हाताने समोरचा जग उचलून छोट्या पिंपात ओतायला लागलो. घरातले आजोबा तिकडून ओरडले, "फेर्मा!" थांब म्हणून. तोवर अर्धा लिटर गेला होता. त्या जगमध्ये यंदाचा नवा रस होता.

आणि पिंपांचा तो संच कुठला, तर मालकीणबाई जन्मल्या त्या वर्षी लावलेला. इथे तशी जुनी पद्धत आहे, पूर्वी मुलीच्या लग्नात असे संच द्यायचे.

आजोबांनी काचेच्या नळीने थेंबभर काढून चाखलं, बराच वेळ तोंडात घोळवलं. मग खडू घेतला, पिंपावर फुली मारली आणि म्हणाले, याला आता काही वर्षं हात लावायचा नाही. म्हणजे यंदा त्याचा नमुना परीक्षकांकडे जाणारच नाही, आणि पाच परीक्षकांनी पास केल्याशिवाय ती १०० मिलीची गोल बाटली (जुजारोने डिझाइन केलेली, हो, तोच गाड्यांचा डिझायनर) भरलीच जात नाही. घरी बाटलीत भरून विकायची सोय नाही.

जेवताना कुणी विषयच काढला नाही. मालकीणबाईंनी सूपातले तोर्तेलिनी वाढले, चीज पुढे सरकवलं, मला घास उतरेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पुण्याच्या माणसाला सॉरी म्हणून मेल टाकला आणि आईला फोन लावला. पिंपं, संच, एक्स्त्राव्हेक्यो, सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मुरलेल्या लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातलास की रे! आणि तरी जेवायला वाढलं तुला?"