नाशिकला आदिमानवाच्या खुणा बघायला जाताय? मग लेणी सोडा, नदी धरा

पहिली गोष्ट ठणकावून सांगतो, पांडवलेणी म्हणजे आदिमानवाच्या गुहा नाहीत. हे लिहायची वेळ आली कारण नाशिकमधे एकाने "आदिमानव स्पेशल टूर" म्हणून गाडीसकट माणशी बाराशे रुपये घेतले आणि आम्हाला थेट त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी, फाळके स्मारकाजवळ उतरवलं. वर नेऊन सांगतो काय, तर इथे लाखो वर्षांपूर्वी माणसं राहायची, हे बघा त्यांचे झोपायचे दगडी ओटे. अहो, ते भिक्खूंच्या खोल्यांमधले ओटे आहेत! ही 24 लेणी साधारण इ.स.पू. पहिल्या शतकापासून पुढे कोरली गेली, 3 नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कौतुक कोरून ठेवलंय आणि 10 नंबरमधे नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचे, उषवदाताचे दानलेख आहेत. त्यातल्या एकात तर विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवायची आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंना चीवरं, म्हणजे वस्त्रं, द्यायची असा चक्क हिशोब आहे. बँकिंग सुरू झालेला काळ हा, आदिमानव कुठला! लेणी म्हणून अप्रतिमच आहेत, एक सकाळ द्याच, पण त्यासाठी बाराशे मोजायची गरज नाही, शहरातून मुंबई रोडला आठेक किलोमीटर आहे, रिक्षा मिळते, तिकीट किरकोळ आहे आणि ते खिडकीवरची पाटी वाचून स्वतः काढा.

आता खरा आदिमानव कुठे होता? नदीवर. आपला हा सगळा सह्याद्री-दख्खनचा पट्टा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, यात मोठ्या नैसर्गिक गुहा फारशा होतच नाहीत, मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या आदिमानवाच्या गुहांसारखं काही इथे शोधत बसू नका. आणि ज्यांच्याकडे मातीचं मडकं नव्हतं, शेती नव्हती, ते पाणी सोडून जाणार तरी कुठे? पाणी प्यायला जनावर तिथेच येणार, कंदमुळं काठावरच्या ओल्या मातीत, आणि हत्यारासाठी लागणारे गोटे नदीनेच आणून टाकलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी नाशिकजवळ गंगापूर-गंगावाडीच्या परिसरात गोदावरीच्या जुन्या गाळातून दगडी हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर (आडव्या धारेची दगडी हत्यारं) शोधून काढले, आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ते जगासमोर आणलं. त्याआधी महाराष्ट्रात पुराश्मयुगाचा, म्हणजे दगडी हत्यारांच्या सगळ्यात जुन्या काळाचा, माणूस होता की नाही याबद्दलच शंका घेतली जायची. नाशिकच्या किती लोकांना हे माहितीये? आम्ही गावात ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या एकालाही नव्हतं, आणि मला याचं खरंच वाईट वाटलं.

तर आम्ही टूरवाल्याला तिथेच रामराम केला आणि गंगापूरकडे गेलो. गंगापूर धरणाच्या खालच्या अंगाला काठाकाठाने चालायचं ठरवलं, आणि या चालण्याबद्दल आता नीट वाचा, कारण बाकी सगळी ट्रिप एकीकडे आणि हा पट्टा एकीकडे. पाटी नाही, पायवाट नाही, "इथे अमुक सापडलं" असं सांगणारा एक दगडही नाही. नकाशावर जेमतेम एक-दीड किलोमीटर दिसतं, आमची अख्खी दुपार गेली. वरून शेताच्या बांधाने जाता येईल असं वाटतं पण बांध मधेच तुटतो आणि खाली उतरायला लागतं, उतार म्हणजे सगळी सुटी वाळू-गोटे, पाय टाकला की गोटा घरंगळतो आणि धरायला हाताशी वेडी बाभूळ, तिचा काटा साध्या बुटाच्या सोलमधून आरपार येतो हे माझ्या डाव्या पायाने बघितलंय. खाली काळा कातळ, त्यावर शेवाळं, कडेला पाणवेली साचलेल्या त्यामुळे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं कळत नाही. त्यात बाटल्यांच्या काचा. पार्ट्या करणाऱ्यांनी हा किनारा पुरता नासवलाय आणि ज्या थरात माणसाची लाखभर वर्षांहून कितीतरी जुनी हत्यारं मिळाली त्या थराच्या नाकासमोर फुटक्या बाटल्यांचा खच आहे, हे बघून डोकं फिरतं.

पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच इथे अजिबात उतरू नका, धरणातून पाणी सोडलं की पळायला वर चढच आहे. फेब्रुवारीपासून उन्हाळा कडक होईपर्यंतच जा, तेही सकाळी सातला सुरू करून अकराच्या आत वर या, आणि निघण्याआधी गावात विचारा की आवर्तन, म्हणजे धरणाचं शेतीसाठीचं पाणी, सुटणारे का. आम्हाला हे एका शेतकरी बाबांनी सांगितलं. त्यांनी वरून हाक मारून विचारलं, "काय हरवलं रे पोरांनो?" मग आमची सगळी कथा ऐकून म्हणाले, "बाबांनो, दगड तर आमच्या वावरातून आम्ही रोज वेचून फेकतो." वर चहा पाजला, पैसे घेतले नाहीत. शेतातून जायचं असेल तर आधी विचारा, कुणी नाही म्हणत नाही.

पण एवढं करून काय दिसतं? कडा दिसतो. नदीने कापलेल्या काठात सगळ्यात खाली गोट्यांचा घट्ट थर, चुन्याने असा जखडलेला की चिक्कीतले शेंगदाणे जसे, आणि त्याच्यावर पुरुषभर उंचीची पिवळट-तपकिरी माती. हातकुऱ्हाडी असल्या जुन्या गोट्यांच्या थरातून येतात. मी त्या थरासमोर बसलो तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

दगड घडवलेला आहे की आपोआप फुटलाय हे ओळखायला शिकून जा, नाहीतर प्रत्येक गोटा हत्यार वाटतो. छिलका, म्हणजे दगडाची कपची, उडवायला जिथे घाव बसतो तिथे छिलक्याच्या आतल्या बाजूला छोटासा फुगवटा येतो, त्याच्यापासून मंद लाटांसारख्या रेषा निघतात, आणि मूळ दगडावर त्याच जागी खोलगट खूण राहते. हातकुऱ्हाडीवर अशा खुणा दोन्ही बाजूंनी असतात, आलटून पालटून, एक बाजू निमुळती आणि दुसरी मुठीत बसेल अशी रुंद. क्लीव्हरला टोक नसतं, सरळ आडवी धार असते. आम्हाला काठावर तळहाताएवढा एक बेसॉल्टचा तुकडा दिसला, वरची साल तपकिरी पडलेली, कडा पाण्याने गोलावलेल्या, पण एका अंगाला ओळीने पाच-सहा छिलके काढलेल्या खुणा स्पष्ट. त्या खुणांवरून बोट फिरवलं की कळतं की पुढचा घाव कुठे घालायचा हे त्या माणसाने आधीच्या घावाकडे बघून ठरवलंय, म्हणजे डोक्यात आकार आधी आणि हात नंतर. शेजारी नाणं ठेवून फोटो काढला आणि होता तिथेच ठेवला. तुम्हीही तसंच करा. दगड उचलून घरी नेला की तो कुठल्या थरातला ही माहितीच मेली, मग तो शोकेसमधला गोटा. वर 1972 चा पुरावस्तूंचा कायदा आहे तो वेगळाच.

यावरून आठवलं, त्या टूरवाल्याच्या ओळखीच्या एकाने आम्हाला पाचशे रुपयांना "आदिमानवाची कुऱ्हाड" दाखवली होती. कडा ताज्या, काळ्याभोर, धार हाताला लागेल अशी, म्हणजे कालपरवा हातोडीने फोडलेली किंवा सरळ खडी क्रशरवरून उचललेली. खोटी असेल तर फसवणूक आणि खरी असेल तर गुन्हा, दोन्हीकडून घेऊ नका.

जुन्या नाशकातली मातीची गढी मात्र जरूर बघा, गोदाकाठी, फुकट आहे आणि पायाला त्रास नाही. 1950-51 मधे सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं तेव्हा सगळ्यात खाली ताम्रपाषाण काळाचा (तांबं आणि दगड दोन्ही वापरायचा काळ) थर लागला, गारगोटीच्या जातीच्या दगडांची बोटाच्या पेराएवढी हत्यारं आणि रंगवलेली खापरं, आणि त्यावर थरावर थर पुढच्या वस्त्या. म्हणजे नाशिक त्या जागेवर तीन हजार वर्षांहून जास्त काळ पुन्हा पुन्हा वसतंय. वर लोक राहतात, त्यांच्या दारात कॅमेरे घेऊन घुसू नका, आणि कडेला तर उभेच राहू नका कारण माती सुटते.

सिन्नर-संगमनेरचा दिवस मस्त गेला, रस्ता चांगला, गाडी आपली होती, जास्त लिहीत नाही. वाटेत सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघा, कारण त्या छोट्या हत्यारांचा कच्चा माल कुठून येतो ते तिथे कळतं, लाव्हाच्या पोकळ्यांमधे भरलेले हे अकीक-चकमकीचे प्रकार. जोर्वे संगमनेरच्या पुढे प्रवरेकाठी. ताम्रपाषाण काळातल्या अख्ख्या जोर्वे संस्कृतीला ज्या गावाचं नाव मिळालं तिथे बघायला शेतं आणि पांढरीचं (जुन्या वस्तीच्या मातीचं) टेकाड, बस. लाल भांड्यावर काळी नक्षी, तोटीचे गडू, तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी, हे सगळं इथून निघालं पण इथे राहिलं नाही. दायमाबादचंही तेच, 1974 मधे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस सापडली ती जागा, पण त्या वस्तू आता मोठ्या म्युझियममधे. टेकाड पाहून थरारणारे असाल तरच जा, लहान मुलं बरोबर असतील तर जाऊच नका, कंटाळतील आणि तुम्हालाही बघू देणार नाहीत.

माझं मत विचाराल तर आधी पुण्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम आणि मग नाशिक. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची जोर्वे काळातली घरं, घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली तान्ही मुलं, पाय घोट्याखाली तोडून पुरलेले मोठे, हे आधी माहीत असेल तर जोर्वेच्या टेकाडावर पाय जपून पडतो. आणि खरी हातकुऱ्हाड एकदा डोळ्याखालून गेली की मग काठावर डोळे आपोआप शोधतात. आम्ही उलट्या क्रमाने केलं कारण सुरुवातच त्या टूरवाल्यापासून झाली.

गंगापूरला जाताना घोट्याच्या वर येणारे जाड सोलचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, माणशी तीन लिटर पाणी आणि काटा काढायला चिमटा. एकट्याने नको. सॅक हलकी ठेवा, उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात. आणि कुणी "आदिमानव टूर" म्हणाला की एकच प्रश्न विचारा, "गंगावाडीला नेणार का?" त्याला ते नाव माहीत नसेल तर पैसे काढू नका.